पुण्याहून रात्रीत दिवेआगर: निघायची वेळ, घाट आणि चौदा जणांचा गट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौदा जण, जानेवारीतला एखादा शुक्रवार, रात्री 10 वाजता सायकलींवर चांदणी चौकातून निघायचं आणि ताम्हिणी घाटामार्गे दिवेआगर गाठायचं. सोबत एक गाडी. प्रत्येकाने दिवसाउजेडी एकदा तरी 100 किमी केलेले. लंडनहून रात्री निघून समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘डनिच डायनॅमो’ या सायकल राइडचे व्हिडिओ बघून कल्पना सुचली, म्हणून उजाडताना समुद्रावर असायचं. आणि विचारलंय काय, तर लाइट किती लुमेनचा, म्हणजे किती उजेडाचा, घ्यावा आणि खायला काय न्यावं.

दोन्ही सांगतो. पण त्याआधी विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळा आहे: ताम्हिणीचा उतार घड्याळात किती वाजता येणार? निघायची वेळ, लाइट, झोप, गटाची रचना, गाडी कुठे थांबणार, हे सगळं त्या एका उत्तरावर बेतायचं असतं. बहुतेक गट उलट करतात. निघायची सोयीची वेळ धरतात आणि घाट येईल तेव्हा येईल म्हणतात. 10 ला निघालात तर तो रात्री अडीच-तीनला येतो, म्हणजे शरीर सर्वांत मंद असण्याच्या वेळेला.

आता ते सूर्योदयाचं. दिवेआगरला समुद्र पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य येतो तो पाठीमागच्या डोंगरावरून आणि वाड्यांमधल्या माडांच्या शेंड्यांवरून. पाण्यातून वर येणारा सूर्य आपल्याकडे दिसणार नाही. डनिच इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, म्हणून तिथे पहाटे पोहोचण्यात अर्थ आहे. शिवाय ती राइड जुलैत, पौर्णिमेच्या जवळच्या शनिवारी असते. साधारण 180 किमी अंतर, रस्ता बराचसा सौम्य चढउतारांचा, आणि रात्र जेमतेम आठ तासांची. आपल्याकडे जानेवारीत सव्वासहाला सूर्य मावळला की सकाळी सातनंतरच उगवतो. तेरा तासांची रात्र आणि मध्ये सह्याद्रीची धार. तेव्हा उजाडताना पोहोचायचं हे ओझं आधी उतरवून ठेवा. कोकणातला समुद्र संध्याकाळी बघायचा असतो, आणि त्या दिवशी मुक्काम केलात तर तो मिळतोच.

रस्त्याचा अंदाज असा. चांदणी चौकातून दिवेआगर साधारण 150 किमी. भूगाव, पिरंगुट, पौड, मुळशी धरण, मग जलाशयाच्या कडेने वळत-वळत ताम्हिणी. घाटमाथा 50 ते 55 किमीवर. पुढचा दहा-बारा किमीचा उतार विळ्यापाशी संपतो. मग निजामपूर, माणगाव, मोर्बा, म्हसळा, बोर्ली पंचतन, दिवेआगर. नकाशावर माणगाव आलं की ‘झालंच आता’ वाटतं. तिथे दोन तृतीयांशही झालेलं नसतं, आणि माणगावच्या पुढचा रस्ता सपाट तर अजिबात नाही. मोर्बा ते म्हसळा आणि तिथून बोर्लीपर्यंत छोटे छोटे चढउतार सारखे येत राहतात. घाट उतरताना सगळी उंची संपवलेली असते, ती इथे हप्त्याहप्त्याने परत चढावी लागते. पाय इथे संपतात.

गटाचा वेग धरताना सपाटीवरचा वेग धरू नका. चौदा जणांचा मिश्र गट, रात्र, थांबे, एखादं पंक्चर हे सगळं मिळून ताशी 12 ते 13 किमी. यापेक्षा जास्त धरलात की वेळापत्रक पहिल्याच पंक्चरला कोसळतं आणि मग ते भरून काढायला लोक उतारावर वेग वाढवतात. घाटातल्या पडण्यामागे बऱ्याचदा असं हुकलेलं वेळापत्रक असतं.

आता निघायच्या वेळा. माझ्या मते दोनच चालतात.

पहिली, रात्री दीडची. सगळे संध्याकाळी सातला जेवून साडेसात-आठला झोपतात, साडेबाराला उठतात, दीडला निघतात. भूगाव-पिरंगुटचा रस्ता तेव्हा खऱ्या अर्थाने मोकळा असतो. सव्वासहापर्यंत घाटमाथा, तिथे वीस-पंचवीस मिनिटं थांबा, पावणेसातला दिसायला लागलं की उतार सुरू. साडेसातला विळे, नऊला माणगावात नाश्ता, बाराच्या आसपास म्हसळा, दोनपर्यंत दिवेआगर. तोटा उघड आहे: शेवटचे 40 किमी उन्हात. जानेवारीतही कोकणात दुपारी तीस अंश होतात आणि दमट हवेत घाम वाळत नाही. पण घाम परवडतो, घाटातली झोप परवडत नाही.

दुसरी, संध्याकाळी आठची. यात घाट साडेबारा-एकला येतो. अंधार असतो, पण माणसं जागी असतात. तीन-साडेतीनला माणगाव, तिथे आधी ठरवलेल्या जागी दीड-दोन तास आडवं व्हायचं, साडेपाचला पुढे. दहाच्या आत दिवेआगर. ही खरी रात्रभराची राइड. मात्र शुक्रवारी संध्याकाळी आठला भूगावची कोंडी आणि मुळशीच्या रिसॉर्टकडे निघालेल्या गाड्या यांच्यामधून चौदा सायकली न्याव्या लागतात. त्यावर उपाय एकच, सायकली टेम्पोत घालून पौडला न्यायच्या आणि तिथून सुरुवात करायची. वीस किमी कमी होतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. ‘घरापासून समुद्रापर्यंत’ हा हट्ट असेल तर मग दीडची वेळ घ्या.

कोणती निवडायची ते तुमच्या गटावर आहे. चौदांपैकी किमान दहा जणांनी अंधारात घाट उतरला असेल, प्रत्येकाचे लाइट चांगले असतील आणि शक्यतो पौर्णिमेच्या आगेमागे असाल, तर आठची. हिवाळ्यात पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे उघड्या रस्त्यावर त्याचा खरंच उपयोग होतो. झाडीत आणि कड्याच्या सावलीत मात्र शून्य. प्रश्नात रात्रीच्या अनुभवाचा उल्लेख नाही, म्हणून मी तुम्हाला दीडची वेळ सुचवेन. दहाची सोडून द्या. तिच्यात दोन्हींचे तोटे एकत्र येतात: संध्याकाळच्या गाड्यांची शेपटी मिळते आणि घाट ऐन झोपेत.

दिवसा 100 किमी केलंय ही पात्रता मला अपुरी वाटते. पंधरा दिवस आधी एक चाचणी राइड करा: पहाटे तीनला चांदणी चौक ते मुळशी धरण आणि परत, साधारण 60 किमी. याच रस्त्यावर, हेच लाइट, हीच बॅग. कुणाचा लाइट हिसक्याने खाली वळतो, कुणाला अंधारात सरळ रेषेत चालवता येत नाही, कोण चढावर गप्प होत जातो, हे त्या पाच तासांत कळतं. त्यात ज्याला जमलं नाही त्याला समुद्राच्या राइडला गाडीत बसवा, आणि हे त्याला आधीच सांगा. घाटमाथ्यावर सांगायची ही गोष्ट नाही.

आता लाइट. लुमेनच्या आकड्याआधी किती वेळ चालतो ते बघा. दीडला निघून पावणेसातपर्यंत म्हणजे सव्वापाच तास अंधार. आठच्या वेळेत जवळजवळ नऊ-दहा तास. खोक्यावर 1000 लुमेन लिहिलेला लाइट पूर्ण तेजात बहुधा दीड-दोन तास टिकतो, आणि बरेच लाइट गरम झाले किंवा बॅटरी उतरली की आपोआप मंद होतात. घरी एकदा मधल्या मोडवर लावून ठेवा आणि किती वाजता मंदावला ते लिहून ठेवा. दुसरी तपासणी: पॉवर बँक जोडलेली असताना तो चालू राहतो का? काही लाइट चार्ज होताना पेटतच नाहीत. हे मुळशीच्या कडेला कळलं तर काही करता येत नाही.

गटात, सपाटीवर 300 ते 400 लुमेन पुरतात. एकट्याने अंधारात उतरायचं तर 800 च्या आसपास हवेत. हँडलवरच्या दिव्याचा झोत रस्त्यावर पडेल असा खाली वाकवा, नाहीतर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि पुढच्या सायकलस्वाराला स्वतःचीच लांब सावली रस्त्यावर नाचताना दिसते. शिवाय हेल्मेटवर एक हलका हेडलॅम्प. हँडलचा दिवा सायकलच्या तोंडाच्या दिशेलाच बघतो, वळणाच्या आत बघत नाही. पंक्चर काढतानाही दोन्ही हात मोकळे राहतात. मागे प्रत्येकाला दोन लाल दिवे, आणि दोन्ही स्थिर. लुकलुकणारा लाल दिवा एकट्या सायकलस्वारासाठी ठीक आहे, पण गटात तो तीन मीटर मागच्या माणसाच्या डोळ्यात तासन् तास मारत राहतो आणि अंतराचा अंदाज बिघडवतो. लुकलुकणारा एकच, सगळ्यात शेवटच्याचा. परावर्तक पट्टी जॅकेटवर असतेच, ती घोट्यालाही बांधा. वरखाली होणारी चकाकी दिसली की ट्रकवाल्याला लांबूनच कळतं की पुढे सायकल आहे.

आता घाट, जरा सावकाश. अंधारात वेगाची मर्यादा लाइट ठरवतो, हिंमत नाही. ताशी 40 किमी म्हणजे सेकंदाला 11 मीटर. अर्धवट झोपेतल्या माणसाला खड्डा दिसून बोट ब्रेकवर आवळायला दीड सेकंद धरला तर तेवढ्यात 17 मीटर गेले. पुढे थांबायला आणखी 15. एकूण 32 मीटर, आणि साध्या लाइटमध्ये खड्डा खड्ड्यासारखा दिसतो तो वीस-पंचवीस मीटरवर. हेच ताशी 25 किमीला केलं तर 10 आणि 6, म्हणजे 16-17 मीटरमध्ये सायकल थांबते. म्हणून अंधारात उतरलात तर 25 च्या वर नाही, आणि ते शब्दशः. उजेडात कोरड्या रस्त्यावर 35 पर्यंत जायला हरकत नाही, वळणं सोडून.

माथ्यावरचा थांबा हा फोटोसाठी नसतो. तिथे दहा मिनिटांत करायच्या गोष्टी ठरलेल्या असाव्यात. प्रत्येकाने पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलायची, मग मागचा दाबून मागे खेचायची. लिव्हर हँडलला टेकत असेल तर केबल तिथेच ओढून घ्यायची. चाकं धरून ठेवणारे क्विक रिलीज खटके हाताने तपासायचे. विंडचीटर अंगावर आणि त्याची चेन वरपर्यंत. पूर्ण बोटांचे हातमोजे, कारण उतारावर गार वाऱ्यात बोटं बधिर होतात आणि बधिर बोटांना ब्रेक किती दाबलाय ते कळत नाही. मग मोजणी, आणि एकेक जण अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या अंतराने सुटायचा. गटाने घाट उतरायचा नसतो. पुढच्याने एखादं कुत्रं टाळायला ब्रेक मारला की मागचे तिघे त्याच्यावर जातात.

ब्रेक सतत घासत ठेवू नका. रिम ब्रेक असतील तर लांब उतारावर रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. डिस्कला पॅड चमकून गुळगुळीत होतात, किंचाळायला लागतात आणि पकड जाते. सरळ टप्प्यावर थोडं सोडायचं, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग पाडायचा, वळणात ब्रेक सोडून द्यायचे. वळणाच्या आतल्या कडेला खडी आणि माती साचलेली असते, म्हणून कड पकडून वळायचा मोह टाळा. निघण्याआधी घरी पॅड बघा. रबराच्या पॅडवरच्या खाचा बुजल्या असतील किंवा डिस्कचं पॅड मिलिमीटरभरच उरलं असेल तर बदला, खर्च काहीशे रुपयांचा आहे.

साडेसातनंतर खालून घाट चढणाऱ्या गाड्यांच्या चालकांना समोरून ऊन येतं. त्यांना तुम्ही दिसत नसता असं समजून पुढचा दिवा चालूच ठेवा. आणि हो, पावसाळ्यात हे सगळं रद्द. जून ते सप्टेंबर ताम्हिणीत रात्री सायकल नेऊ नका. तिथला पाऊस, धुकं आणि वरून येणारे दगड यांच्याशी लाइटचं काही चालत नाही.

गटाची रचना. चौदा ही संख्या रात्री एका गटासाठी जास्त आहे. सात-सातचे दोन गट करा, मध्ये पंधरा मिनिटांचं अंतर. प्रत्येक गटाला एक पुढचा आणि एक शेवटचा. पुढच्याला रस्ता पाठ हवा आणि स्वभाव संथ हवा. गटातला सगळ्यात वेगवान माणूस पुढे ठेवायची चूक हमखास होते. शेवटचा मात्र गटातला सगळ्यात दमदार आणि हाताने पंक्चर काढता येणारा. नियम दोनच: पुढच्याच्या पुढे कुणी नाही, शेवटच्याच्या मागे कुणी नाही. लघुशंकेला थांबायचं तरी शेवटच्याला सांगून.

वळणाचं काय करायचं? प्रत्येक फाट्यावर पुढच्याच्या लगेच मागचा माणूस थांबतो, रस्त्याच्या डाव्या कडेला, दिवा मागे वळवून. सगळे जाईपर्यंत तो हलत नाही आणि शेवटचा आला की त्याच्यासोबत निघतो. पुढच्या फाट्यावर आता दुसऱ्या क्रमांकावर असलेला. यात फोन लागत नाही, आणि ते महत्त्वाचं आहे, कारण मुळशीच्या पुढे घाटात बऱ्याच ठिकाणी नेटवर्क जातं. ‘लोकेशन टाकतो’ या भरवशावर रात्रीचा गट चालवू नये. या मार्गावर फाटे फार नाहीत. खरी चुकामूक माणगावात होते: निजामपूरकडून तुम्ही मुंबई-गोवा महामार्गावर येता, थोडं महामार्गावरून जाऊन मोर्ब्याच्या रस्त्याला लागायचं असतं. महामार्गावर खाजगी बस आणि ट्रक कुठल्याही वेळी जोरात असतात. इथे दोन्ही गटांनी एकत्र यावं, उतरून, सायकली हातात धरून रस्ता ओलांडावा. त्यात कमीपणा नाही. म्हसळ्याकडच्या रस्त्यावरही दिघी बंदराचे अवजड ट्रक भेटतात, तेव्हा एका ओळीतच चाला.

अंधारात हातवारे दिसत नाहीत, म्हणून तोंडाने बोला आणि प्रत्येकाने मागे पोचवा: ‘खड्डा डावीकडे’, ‘ब्रेकर’, ‘मागून गाडी’, ‘थांबतोय’. थांबायच्या आधी ओरडायचं, थांबल्यावर नाही. प्रत्येक थांब्यावर निघताना मोठ्याने आकडे म्हणायचे, एक, दोन, तीन, सातपर्यंत. शाळेतल्या सहलीसारखं वाटेल, वाटू द्या.

गावांच्या तोंडाशी बिनरंगाचे स्पीडब्रेकर आणि कुत्री या दोन्ही गोष्टी जोडीनेच असतात. कुत्रं मागे लागलं की वेग वाढवू नका. वेग कमी करा, गरज पडली तर उतरा, सायकल कुत्र्याच्या आणि तुमच्या मध्ये धरून चालत पुढे व्हा. पाठलागाचं कारण संपलं की बहुतेक कुत्री थांबतात. पहिल्याने पळ काढला की त्रास पाचव्या-सहाव्याला होतो.

सोबतची गाडी शेवटच्या सायकलमागे रांगत ठेवायची कल्पना मला पटत नाही. तिचे हेडलाइट सगळ्यांच्या सावल्या पुढे टाकतात आणि त्या सावलीत खड्डे लपतात. मागून येणारा चालक गाडीला ओलांडायला बाहेर येतो आणि त्याला अचानक सात सायकली दिसतात. त्यापेक्षा गाडीने दहा-पंधरा किमी पुढे जाऊन सुरक्षित जागी थांबावं, गट आला की पाणी द्यावं, मोजावं, परत पुढे जावं. फक्त घाटात तिने सगळ्यात शेवटी, माथ्यावरचा शेवटचा माणूस सुटल्यावर पाच मिनिटांनी उतरावं. कुणी पडलं तर नेटवर्क नसलेल्या भागात गाडी खाली पोहोचलेली असून उपयोग नाही. उपजिल्हा रुग्णालय माणगावात आहे. 108 लागेपर्यंत वाट बघण्यापेक्षा गाडीत घालून तिकडे नेणं बऱ्याचदा लवकर होतं, मात्र मानेला किंवा पाठीला मार असेल तर माणसाला हलवू नका.

पंक्चर रात्री कसं काढायचं ते एकदा नीट सांगतो, कारण घाईत तेच तेच दोनदा होतं. रस्त्यावरून पूर्ण बाजूला या, साइडपट्टीवर नव्हे, तिच्याही पलीकडे. एक लाल दिवा काढून वीसेक पावलं मागे, कडेच्या दगडावर ठेवा. चाक काढण्याआधी टायर हळूहळू फिरवून काटा किंवा तार बाहेरून दिसते का बघा, दिसली तर ती जागा व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते लक्षात ठेवा. ट्यूब बाहेर काढली की थोडी हवा भरून भोकाची जागा शोधा आणि टायरवर त्याच जागी आतून बोट फिरवा, अगदी हलक्या हाताने. बाभळीच्या काट्याचं टोक तुटून टायरमध्ये राहतं आणि हेडलॅम्पच्या उजेडात दिसतही नाही, बोटालाच लागतं. महामार्गाजवळ असाल तर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली केसाएवढी तार असते, ती चिमट्याने ओढावी लागते, नखाने निघत नाही. हे न करता नवी ट्यूब घातलीत तर दोन किमीवर परत बसाल. पॅच रात्री लावत बसू नका, नवी ट्यूब घाला आणि जुनी माणगावात उजेडात जोडा. म्हणून प्रत्येकाकडे आपल्या मापाच्या दोन ट्यूब. दुसऱ्याची ट्यूब चालेल असं गृहीत धरू नका, व्हॉल्व्ह वेगळा निघतो किंवा खोल रिममधून बाहेरच येत नाही. 28 मिमी टायरला 70-75 पीएसआय हवा, हायब्रिड सायकलच्या 38-40 मिमीला 50-55 पुरे. गटाकडे मिळून एक चेन तोडायचं हत्यार, मापाच्या दोन चेन-लिंक, ब्रेक केबल आणि फ्लोअर पंप, तो गाडीत. पंधरा मिनिटांत काम झालं नाही तर सायकल गाडीवर आणि गट पुढे. सहा जण थंडीत उभे राहिले की त्यांचे स्नायू आखडतात.

खाण्याचं सोपं आहे. भुकेची वाट न बघता दर तासाला 40 ते 60 ग्रॅम कर्बोदकं. एक मोठं केळं म्हणजे साधारण 25, चार-पाच खजूर तेवढेच. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास गूळपोळी घरोघरी असते, तिच्यासारखं रात्रीचं खाणं नाही: खिशात मावते, थंडीत विरघळत नाही, चघळायला वेळ लागतो म्हणून झोपही जाते. भाजीपोळी, वडापाव असलं तेलकट-तिखट पहाटे पोटात बसत नाही, ते माणगावसाठी ठेवा, आणि तिथेही दोन वडापाववर थांबा. पाणी थंडीत कमी प्यायलं जातं आणि त्याची किंमत म्हसळ्याच्या उन्हात द्यावी लागते, म्हणून तासाला अर्धा लिटर हिशोबाने संपवा. ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच, अर्ध्या बाटलीत नाही. पौड सोडल्यावर रात्री चहाची टपरी उघडी मिळेल यावर विसंबू नका. चहा थर्मासमध्ये गाडीत ठेवा.

झोपेबद्दल मी कडक आहे. सकाळी सहाला उठून दिवसभर ऑफिस करून रात्री निघालेला माणूस मध्यरात्रीनंतर दारू प्यायल्यासारखाच चालवतो, प्रतिक्रिया तितक्याच मंदावतात. म्हणून शुक्रवारी अर्धी सुट्टी काढता येत नसेल तर राइड शनिवारी रात्री ठेवा, दुपारी झोपता येतं. ओळखायच्या खुणा: मागचा किलोमीटर आठवत नाही, सायकल उजवीकडे सरकते, प्रश्नाचं उत्तर दोन सेकंद उशिरा येतं. शेवटच्या माणसाने दर अर्ध्या तासाने प्रत्येकाशी काहीतरी बोलावं, ते यासाठीच. कुणी झोपेत सापडला तर कपभर कडक कॉफी पाजून वीस मिनिटं गाडीत आडवा करा. कॉफी चढायला तेवढाच वेळ लागतो, उठतो तेव्हा दोन्हींचा फायदा मिळतो. गाणी लावून, गालावर पाणी मारून पाच-दहा मिनिटं निघतात, घाट निघत नाही.

कपडे थरांचे. मुळशीच्या पाण्याकाठी पुण्यापेक्षा बोचरी थंडी असते आणि दव इतकं पडतं की चष्मा पुसत राहावं लागतं. विळ्याला उतरलात की तासाभरात घाम. विंडचीटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ही जुनी युक्ती अजून चालते, आणि खाली आल्यावर ती फेकायच्या ऐवजी बुटात घालून ओल शोषायला वापरता येते.

पोहोचल्यावर लगेच पाण्यात शिरू नका. पोटऱ्यांत गोळे येण्याची हीच वेळ असते आणि गुडघाभर पाण्यातही पाय आखडला की माणूस घाबरतो. भरतीची ढोबळ वेळ तिथीवरून काढता येते: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सकाळी अकरा-बाराच्या सुमाराला पाणी पूर्ण वर. त्यानंतर ओहोटी लागते आणि पाणी आत ओढतं. दोनला पोहोचणाऱ्या गटाने त्या दिवशी सावलीत जेवून झोपावं, आणि संध्याकाळी स्थानिकांना विचारून पायच बुडवावेत.

परतीचं तुम्ही विचारलेलंच नाही, आणि मला काळजी त्याचीच जास्त आहे. रात्रभर जागलेला गाडीचालक दुपारी जेवून त्याच ताम्हिणीने चौघांना घेऊन परत निघतो, हा या सगळ्या बेतातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे. सायकलवर डुलकी लागली तर एक जण पडतो. गाडीत लागली तर पाच. दिवेआगरला एक रात्र मुक्काम करा. घरगुती खोल्या आधी बोलून ठेवा आणि जेवण किती वाजता लागेल तेही सांगा, कारण चौदा माणसांचं मोदकासह जेवण ऐनवेळी होत नाही. तेही शक्य नसेल तर त्या दिवशी सकाळीच पुण्याहून निघालेला, झोप झालेला चालक बोलवा. सायकलींसाठी मोठा टेम्पो बघा, छोट्या हत्तीत चौदा सायकली दाबून भरल्या तर गिअर बदलणारे डिरेलर वाकतात. पुढची चाकं काढा, डिरेलरची बाजू वर ठेवा, दोन सायकलींच्या मध्ये जुनी चादर किंवा गोणपाट, आणि दोरी फ्रेमला, चाकाला नाही. काढलेल्या प्रत्येक चाकावर टेपने नाव लिहा.